चिंध्या फुकट मिळतात, तुमचा वेळ नाही



मागच्या व्हिडिओत आपण उरलेल्या कापडाच्या तुकड्यांपासून चेनचं पाऊच, पोळ्यांचा रुमाल आणि बटवा शिवला. तो बघून दुकानात आलेल्या जवळजवळ प्रत्येकीने मला एकच गोष्ट ऐकवली. "ताई, कापड तर फुकटच आहे. मग जेवढ्याला विकू तेवढा नफाच की!"

काउंटरवर गर्दी असते, तिथे सविस्तर बोलता येत नाही. म्हणून आज इथे लिहिते. माझं मत सरळ आहे. घरगुती शिवणकामाच्या धंद्यात "कापड फुकट आहे" यापेक्षा महागात पडणारं दुसरं वाक्य नाही. चिंध्यांमधून धंदा होतो, मी स्वतः करते. पण चिंध्या फुकट आहेत म्हणून तो होत नाही. तो दुसऱ्याच कारणाने होतो. ते कारण समजलं नाही तर वर्षभर मशीन चालवून शेवटी हातात पाठदुखी आणि सुट्टे पैसे राहतात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. हे वाक्य मी स्वतः बोलले आहे, आणि तेही माझ्या आईला.

माझी ३०० बटव्यांची दिवाळी

बीबीए झाल्यावर मी मॅचिंग सेंटर टाकलं. अस्तर, फॉल, लेस, चेन, दोरा, बटणं असा सगळा माल. दुकान नवीन होतं, गिऱ्हाईक कमी होतं. शेजारच्या लेडीज टेलरकडे ब्लाउजपीसची आणि काठांची कात्रणं पोत्याने पडलेली असायची. ती म्हणाली, "घेऊन जा, मला टाकायलाच लागतात." मला वाटलं, लॉटरी लागली!

दिवाळीआधी एका प्रदर्शनात टेबल घेतलं. आई आणि मी मिळून ३०० बटवे शिवले. किंमत ठेवली ३० रुपये. का ३०? कारण पलीकडच्या टेबलावर ३५ ला होते आणि आमचं "कापड तर फुकटच" होतं. दोन दिवसांत सगळे बटवे संपले. ९,००० रुपये गल्ला. मी घरी पेढे आणले.

मग रात्री वही घेऊन बसले. अस्तर १,५००. नाडी आणि मणी १,२००. लेस ९००. दोरे, सुया, मशीनचं तेल मिळून ३००. टेबलाचं भाडं १,२००. एकूण ५,१००. उरले ३,९००. तरीही मी खूश होते.

नंतर तास मोजले. कात्रणं निवडणं, इस्त्री, जोड, शिलाई, नाडी ओवणं, सगळं धरून एका बटव्याला सरासरी ४० मिनिटं गेली होती. ३०० बटवे म्हणजे २०० तास. ३,९०० भागिले २००. साडेएकोणीस रुपये तासाला. त्यात प्रदर्शनात उभं राहिलेले दोन दिवस धरलेलेच नाहीत.

आणि त्या २०० तासांतले निम्म्याहून जास्त तास आईचे होते. तिची मान आखडली होती, रोज रात्री शेक घेत होती. मी तिला विचारलं, "तुला किती देऊ?" ती म्हणाली, "मला कशाला? फुकटच्या कापडाचं केलं, एवढं मिळालं हेच खूप झालं."

ते ऐकून मला लाज वाटली. कॉस्ट अकाउंटिंगच्या पेपरला मी प्राइम कॉस्टची व्याख्या पाठ करून गेले होते: कच्चा माल, अधिक थेट मजुरी, अधिक थेट खर्च. परीक्षेत मजुरी लिहिली आणि घरात विसरले. कारण मजुरी करणारी बाई माझी आई होती आणि तिने कधी पैसे मागितले नव्हते. खरं तर आमच्या बटव्याची किंमत ३० रुपये कधीच नव्हती. आईच्या मजुरीचे पैसे मी गिऱ्हाइकांना परस्पर वाटून टाकले होते.

एका पाऊचचा हिशेब

आता तुमच्या कामाचा हिशेब करू. वही-पेन घ्या. आपण ८ बाय ५ इंचाचं साधं चेनचं पाऊच धरू. आकडे माझ्या दुकानाच्या भावाचे आहेत, तुमच्या गावात थोडे इकडे-तिकडे होतील.

दोन्ही प्रकारच्या पाऊचला लागणारं सामान सारखंच आहे. अस्तर ८ रुपये, चेन आणि रनर ७, आतला फोम ६, दोरा-सुई-वीज २, लेबल आणि पिशवी ३. झाले २६ रुपये.

पहिलं पाऊच आपण ताग्यातल्या नव्या कॉटनचं शिवू. ४४ इंची पन्ह्याच्या एका मीटरमध्ये अशी १२ पाऊच निघतात. कापड १४० रुपये मीटर, म्हणजे एका पाऊचला साधारण १२ रुपये. सामान धरून ३८. कापणं आणि शिवणं, हात बसलेला असेल तर २५ मिनिटं.

दुसरं पाऊच चिंध्यांचं. कापडाचे शून्य रुपये. सामानाचे २६. शिलाईची २५ मिनिटं इथेही आहेतच. पण त्याआधी तुकडे निवडायचे, रंग जुळवायचे, धुऊन इस्त्री करायचे, चौकोन कापायचे, एकमेकांना जोडायचे आणि जोडावर परत इस्त्री मारायची. त्याला आणखी २५ मिनिटं जातात. एकूण ५० मिनिटं.

आता तुमच्या वेळेला तासाला ६० रुपये लावा. म्हणजे मिनिटाला एक रुपया, हिशेब सोपा.

नव्या कापडाचं पाऊच: ३८ अधिक २५, म्हणजे ६३ रुपये.
फुकटच्या कापडाचं पाऊच: २६ अधिक ५०, म्हणजे ७६ रुपये.

बघा, फुकटचं कापड १३ रुपयांनी महाग पडलं! बाजारात दोन्ही ८० ला विकली तर नव्या कापडाच्या पाऊचमागे १७ रुपये सुटतात आणि चिंध्यांच्या पाऊचमागे ४. एक शिलाई उसवून परत घालावी लागली की ते ४ रुपयेही गेले.

म्हणून मी म्हणते, चिंध्यांनी तुमचं कापड वाचतं आणि वेळ खर्च होतो. कापड दुकानात विकत मिळतं. वेळ मिळत नाही.

"पण ताई, वेळ तर रिकामाच असतो"

ट्रेनिंगमध्ये इथपर्यंत आलं की कोणीतरी हमखास म्हणतं, "आम्ही दुपारी घरीच असतो. रिकाम्या वेळेचे कसले पैसे धरायचे?"

मला हा प्रश्न पटतो, पण उत्तर पटत नाही. दोन कारणं आहेत.

पहिलं, तो वेळ रिकामा असतो का, ते एकदा प्रामाणिकपणे बघा. दुपारची दोन ते चार ही तुमची पाठ टेकायची वेळ आहे, मुलांचा अभ्यास घ्यायची वेळ आहे, नाहीतर शेजारणीशी चार शब्द बोलायची. ती तुम्ही धंद्याला देताय. दिलेल्या वस्तूला किंमत असते. आणि ज्यांना ब्लाउज शिवता येतो त्यांनी तर नीट ऐका. आमच्या गावात साध्या अस्तराच्या ब्लाउजची शिलाई ३०० च्या आसपास आहे आणि सराव असलेल्या बाईला एका ब्लाउजला दोन तास लागतात. हाताशी ब्लाउजची ऑर्डर असताना तुम्ही चिंध्यांची पाऊच शिवत बसलात, तर धंदा वाढत नाही, कमी होतो.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. समजा, आज तुम्ही वेळेचे पैसे धरले नाहीत आणि पाऊच ४० ला विकलं. गिऱ्हाइकाला आवडलं. पुढच्या महिन्यात १०० पाऊचची ऑर्डर आली. एकटीने होत नाही, म्हणून मदतीला एक बाई बोलावली. ती काय म्हणेल? "मला रिकामा वेळ आहे, फुकट शिवते" असं म्हणेल का? तिला पैसे द्यायचे कुठून? किमतीत मजुरी धरलेलीच नाही. म्हणजे ज्या दिवशी धंदा मोठा व्हायला लागतो, त्याच दिवशी तो तोट्यात जातो. मी असे किती तरी चांगले हात मशीनला झाकण घालून बसलेले बघितले आहेत. त्यांचा माल वाईट नव्हता. किंमत पहिल्या दिवसापासून चुकली होती.

तासाला ६० हा काही ब्रह्मवाक्य नाही. तुम्ही ५० धरा, ८० धरा. पण काहीतरी धरा, आणि शून्य तर अजिबात नको. दिवसाला चार तास, महिन्याला २५ दिवस, ६० च्या भावाने ६,००० होतात. घरखर्चात मदत म्हणून एवढे तरी हातात यायला नकोत का?

मग चिंध्या परवडतात कधी?

माझ्या अनुभवात तीन वेळा.

एक, जेव्हा जोड हाच माल असतो. पॅचवर्क बघून गिऱ्हाईक थांबलं पाहिजे. ताग्यातल्या कापडाने जे दिसणारच नाही ते तुमच्या तुकड्यांनी दिसलं पाहिजे. खणाचे तुकडे आणि साधं सुती कापड एकाआड एक, किंवा नुसत्या इंडिगोच्या वेगवेगळ्या छटा. मगाचंच पाऊच असं शिवलं की माझ्या दुकानात १२० ला जातं. खर्च ७६, सुटले ४४. तीच ५० मिनिटं, तेच २६ रुपयांचं सामान. फरक रंग निवडण्यात आहे. मिळेल तो तुकडा जोडला तर ते पाऊच "चिंध्यांचं" दिसतं आणि गिऱ्हाईक त्याला चिंध्यांचाच भाव देतं. म्हणून एका वस्तूत तीनपेक्षा जास्त रंग घेऊ नका, आणि त्यातला एक साधा ठेवा, म्हणजे डोळ्याला विसावा मिळतो.

दोन, जेव्हा तुकडा आहे त्याच मापाचा असतो. जोडकामच नको. पडदे आणि सोफ्याचं कापड विकणाऱ्या दुकानांत जुन्या डिझाइनची सॅम्पल पुस्तकं असतात. नवीन कलेक्शन आलं की ती अडगळीत जातात. त्यातले तुकडे एकसारख्या मापाचे, जाड आणि चांगल्या प्रतीचे असतात. पाऊच, चष्म्याचं कव्हर, टेबलावर कपाखाली ठेवायच्या चकत्या, सगळं थेट कापून शिवता येतं. जोडाची २५ मिनिटं वाचली की हिशेब एकदम बदलतो. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा अनेकींनी ब्लाउजची कात्रणं जोडून भाजीच्या पिशव्या शिवल्या. जोड ताणले गेले, पिशव्या उसवल्या. त्याच वेळी पडद्याच्या जाड कापडाची पिशवी दोन शिलायांत तयार होत होती आणि पाच किलो बटाटे आरामात पेलत होती.

तीन, आणि हे माझं आवडतं, जेव्हा चिंध्या गिऱ्हाइकाच्या असतात. आजीच्या सुती साड्या, बाळाची लहान झालेली झबली, वडिलांचे शर्ट. त्या घरच्यांना ते कापड टाकवत नाही आणि कपाटात ठेवायला जागा नसते. त्याची गोधडी करून द्या. इथे गिऱ्हाईक कापडाचे पैसे देतच नाही, ते फक्त तुमच्या हाताचे पैसे देतं. त्यामुळे "कापड तर जुनंच आहे, मग एवढे कसे?" हा प्रश्नच येत नाही. बाळाची छोटी गोधडी आम्ही १,२०० ला करून देतो. दोरा आणि कडेची पायपिंग मिळून १५० खर्च, आतले थर गिऱ्हाइकाच्याच साडीचे, मशीनवर नऊ तास. १,०५० भागिले नऊ, म्हणजे तासाला जवळजवळ ११७ रुपये. बटव्याच्या साडेएकोणीसशी तुलना करून बघा.

आपल्याकडे गोधडी, वाकळ घराघरांत होती. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून धावदोरा घालत बायका ती शिवायच्या. कर्नाटकात उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी समाजाच्या बायका कवंदी शिवतात. कोपऱ्यापासून सुरुवात करून आत आत येतात, आणि कोपऱ्यावर घडी घातलेल्या तुकड्यांचं फूल बसवतात. लोक ते फूल बघून ओळखतात की ही कवंदी आहे. त्या कापडाला बाजारात काही किंमत नव्हती. किंमत आली ती हाताच्या ओळखीमुळे. तुमच्या कामात अशी एक तरी खूण हवी. एकाच रंगाची पायपिंग असू दे, कोपऱ्यात छोटं भरतकाम असू दे. लेबल नसलं तरी "ही त्या ताईंची" हे कळलं पाहिजे.

कामाला लागायचं तर असं

आता थोडं हाताचं बोलू. वेळ वाचला तर नफा वाचतो, म्हणून या सवयी आजपासूनच लावा.

पोतं घरी आलं की लगेच तीन ढीग करा. सुती एकीकडे, सिंथेटिक दुसरीकडे, ताणणारं होजिअरी तिसरीकडे. हे एकमेकांत जोडू नका. सुती कापड धुतल्यावर आटतं, सिंथेटिक आटत नाही, मग जोडावर चुण्या पडतात. ओळखायला येत नसेल तर एक धागा काढून सांभाळून जाळा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते. सिंथेटिक वितळून त्याची कडक गुठळी होते.

सुती तुकडे वापरण्याआधी एकदा पाण्यातून काढा. लाल, मरून आणि गडद निळे वेगळे भिजवा. ओला तुकडा पांढऱ्या रुमालावर दाबून बघा. रंग लागला तर तो तुकडा बाजूला. एक रंग सुटला की गिऱ्हाइकाची अख्खी गोधडी खराब होते, आणि मग कितीही माफी मागा, ते गिऱ्हाईक परत येत नाही.

तीन इंचापेक्षा लहान तुकडा ठेवूच नका. मन होत नाही टाकायचं, मला माहीत आहे. उशीत किंवा पिन टोचायच्या गादीत भरायला एका पिशवीत टाका. पण शिवायला घेऊ नका. जेवढा तुकडा लहान, तेवढे जोड जास्त, तेवढी मिनिटं जास्त.

पुठ्ठ्याचा एकच साचा करा, पाच इंची चौकोन. सगळे तुकडे त्याच मापात कापून रंगाप्रमाणे डब्यात ठेवा. शिवताना पाव इंच मार्जिन सोडा, म्हणजे जोडल्यावर साडेचार इंचाचा चौकोन मिळतो. प्रत्येक वेळी नव्याने माप घेत बसायचं नाही.

दोन-दोन चौकोनांच्या जोड्या लावा आणि दोरा न तोडता एकामागे एक मशीनखाली घाला. माळ तयार होते. शेवटी एकदम कापा. दर जोडीला दोरा तोडण्यात, ओढण्यात जो वेळ जातो तो वाचतो. इस्त्रीही माळ संपल्यावर एकदमच.

आणि एका वेळी एकच वस्तू. सोमवारी पाऊच, मंगळवारी बटवा, बुधवारी उशीचं कव्हर असं करणारीचा हात कशावरच बसत नाही. विसाव्या पाऊचला तुम्ही जेवढ्या मिनिटांत शिवता ते तुमचं खरं माप. पहिल्या पाऊचवरून किंमत ठरवू नका, गिऱ्हाइकावर अन्याय होईल. आणि घाईत वेळ कमीही सांगू नका, तुमच्यावर होईल.

तीन ठिकाणी सावध

संक्रांतीच्या वाणाची ऑर्डर येते तेव्हा सगळ्यांना आनंद होतो. ५० नग, १०० नग! पण वाण देणारी बाई पहिली अट घालते, "सगळे एकसारखे द्या, नाहीतर बायका निवडत बसतात." चिंध्यांमध्ये १०० एकसारखे नग निघत नाहीत. अशा ऑर्डरला सरळ ताग्यातलं कापड घ्या, २० नग एकदम कापा आणि त्याप्रमाणे भाव सांगा. वाणाला चिंध्या वापरायच्याच असतील तर फक्त नाडीच्या टोकाला किंवा खिशाच्या पट्टीला वापरा.

दुसरं, कापडाच्या बाहुल्या आणि प्राणी. शिवायला गोड आणि व्हिडिओला भरपूर व्ह्यूज. घरच्या मुलांना जरूर करून द्या. पण विकायच्या असतील तर आधी नियम वाचा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे नोंदणी आधी, विक्री नंतर. आणि नियम बाजूला ठेवला तरी, लहान बाळाच्या हातात जाणाऱ्या वस्तूला बटणाचे डोळे लावू नका. निघालं की ते थेट तोंडात जातं. दोऱ्याने डोळे भरा.

तिसरं, "शून्य गुंतवणुकीत घरबसल्या कमाई." हे वाक्य दिसलं की पुढे सरका. आधी डिपॉझिट भरा, मग आम्ही शिवायला माल देऊ, असं सांगणारे भेटतात. ज्याला तुमचं काम हवंय तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून घेत नाही. आणि धंद्याची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते. त्यासाठी कोणी हजार रुपये मागत असेल तर हात जोडा आणि उठा.

माझं शेवटचं म्हणणं

मी चिंध्यांच्या विरोधात आहे असं कृपया समजू नका. शिकायला चिंध्यांसारखं दुसरं काही नाही. चुकलं तर वाईट वाटत नाही, उसवलं तरी चालतं. चेन लावायला शिकायची तर पहिल्या दहा चेनी चिंध्यांवरच लावा. भाऊबीजेला, वाढदिवसाला घरच्यांसाठी करायचं तर मिनिटं मोजायची गरजच नाही, ते प्रेमाचं काम आहे. पण ज्या क्षणी तुम्ही वस्तूला किमतीची चिठ्ठी लावता, त्या क्षणी घड्याळ बघावंच लागतं.

२०२० मध्ये आपण सगळ्यांनी कापडी मास्क शिवले. सुरुवातीला मी एक मास्क २५ ला दिला. काही आठवड्यांत प्रत्येक गल्लीत मास्क शिवले जात होते आणि भाव ८ वर आला. ज्यांचं गणित फक्त "कापड फुकट" होतं ते सगळ्यात आधी थांबले. फुकटचं कापड सगळ्यांनाच मिळतं, त्यामुळे ते कोणाचीच ताकद नसते. तुमची ताकद म्हणजे तुमची नजर, तुमचा हात आणि तुमचा हिशेब.

या आठवड्याचं काम देते. कोणतीही एक वस्तू निवडा. तिचे दहा नग शिवा. मोबाइलवर वेळ लावा आणि प्रत्येक नगाची मिनिटं वहीत लिहा: निवडणं, इस्त्री, जोड, शिलाई, सगळं. सामानाचा खर्च लिहा. मिनिटाला एक रुपया धरून बेरीज करा. मग तीच वस्तू नव्या कापडात करून तसाच हिशेब मांडा. दोन्ही आकडे शेजारी ठेवा आणि त्यानंतर किंमत ठरवा. ही वही घरच्यांनाही दाखवा. "काय दिवसभर मशीनवर बसतेस" असं म्हणणाऱ्याला ती वही बरोबर उत्तर देते.

आईचं विचाराल तर ती आता महिन्याला दोनच गोधड्या शिवते. मान दुखेल एवढं काम घेत नाही. गिऱ्हाईक आलं की किंमत मी सांगत नाही, ती सांगते. परवा एक बाई म्हणाल्या, "मावशी, साड्या तर आमच्याच आहेत, थोडं कमी करा ना." आई हसली आणि म्हणाली, "साड्या तुमच्या आहेत, ताई. हात माझा आहे."

त्या बाईंनी १,२०० दिले. परत जाताना दुसऱ्या गोधडीची ऑर्डरही देऊन गेल्या.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही भरा!